भोगवटादार कोण?

दिवाळीच्या मागेपुढे बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या साखर कारखान्यांवर एक सोहळा ठरलेला असतो. माळेगाव घ्या, सोमेश्वरनगर घ्या, नाहीतर भवानीनगर. बॉयलरचं अग्निप्रदीपन आधीच उरकलेलं असतं. मग एके दिवशी गव्हाणीजवळ मांडव पडतो. चेअरमन, व्हाइस चेअरमन आणि संचालक मंडळी हार घातलेली उसाची मोळी उचलून गव्हाणीत सोडतात. नारळ फुटतो, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो. हंगाम सुरू.

तो फोटो मी हल्ली जरा थांबून बघतो. माणसांच्या पायांपुढे ती गव्हाणीची साखळी आहे, जी पुढचे काही महिने रात्रंदिवस फिरणार. तिच्यापुढे उसाचे तुकडे करणाऱ्या सुऱ्या, मग चरकाचे लोखंडी रोलर, मग उकळता रस, दाबाखालची वाफ, गंधकाचा धूर, मळीच्या टाक्या. आणि कायद्याच्या वहीत यातला प्रत्येक रोलर आणि प्रत्येक टाकी एका माणसाच्या नावावर लिहिलेली आहे. सत्काराच्या भाषणात त्या माणसाचा उल्लेख त्या पदवीने कधीच होत नाही. त्याच्या लेटरहेडवरही ती नसते. पदवी आहे ‘भोगवटादार’.

हा शब्द ऐकून इथल्या शेतकऱ्याला लगेच सातबारा आठवेल, आणि ते बरोबरच आहे. सातबाऱ्यावर भोगवटादाराचं नाव असतं. वर्ग एकची जमीन मोकळेपणाने विकता येते, वर्ग दोनची सरकारी परवानगीशिवाय हलवता येत नाही. जमिनीचा भोगवटा म्हणजे ती कसायची, पीक घ्यायचं, फळ खायचं. इंग्रजांच्या कारखाना कायद्यात एक जुना शब्द होता, ऑक्युपायर. कारखान्याची जागा आणि कारभार ज्याच्या हातात, तो. सरकारी मराठीत त्याला सातबाऱ्यातलाच शब्द मिळाला. ज्या कुणी भाषांतरकाराने हे केलं, त्याने बहुधा सवयीने केलं असावं. पण मराठीत ‘भोग’ दोन तऱ्हेचे असतात. देवाला दाखवतात तो एक, आणि नशिबी येतात ते दुसरे. सातबाऱ्यावरचा भोगवटादार पहिल्या प्रकारातला. कारखान्याचा भोगवटादार, अपघात झाला तर, दुसऱ्या.

१९४८च्या कारखाना अधिनियमातली व्याख्या अगदी साधी आहे: कारखान्याच्या कारभारावर ज्याचा अंतिम ताबा, तो भोगवटादार. यंत्र चालवणारा नव्हे, त्याला हुकूम सोडणारा फोरमन नव्हे, पगारी मॅनेजरही नव्हे. मॅनेजरचं नाव वेगळं नोंदवावं लागतं आणि त्याची जबाबदारीही वेगळी आहे. भोगवटादार त्याच्याही वर. शेवटचा शब्द ज्याचा, त्याच्यापर्यंत जायचं.

इथे एक मोठी अडचण येते. कंपनीत शेवटचा शब्द असतो कुणाचा? कंपनी ही कायद्याने जन्माला घातलेली व्यक्ती. तिच्या नावाने जमीन घेता येते, कर्ज काढता येतं, तिच्यावर दावा लावता येतो. आपल्याला हे नवीन नाही. गावोगावच्या देवस्थान जमिनींच्या सातबाऱ्यावर देवाचं नाव असतं, आणि कोर्टात देव पक्षकार म्हणून उभा राहू शकतो. पण देवाला तुरुंगात टाकता येत नाही. कंपनीलाही नाही. दंड केला तर ती तो भरते आणि खर्चात दाखवते. हाडामांसाचं कुणी समोर उभं राहिलं पाहिजे, तर ते कोण, हा प्रश्न सोडवायला आपल्या कायद्याला जवळजवळ चाळीस वर्षं आणि एक भोपाळ लागलं.

आधी मुंबईतली एक गोष्ट सांगतो. एप्रिल १९६२. रंग बनवणारा एक कारखाना. परवाना थंड पद्धतीने रंग करायचा, पण त्याच जागेत बर्नर पेटवून पिंपांत राळ आणि बिटुमेन वितळवायचं काम सुरू केलेलं. वितळलेला माल जरा निवू द्यायचा आणि मग त्यात टर्पेंटाइन ओतायचं, अशी रीत. त्या दिवशी ओतणाऱ्या कामगाराने घाई केली. फेस उसळला, पिंपाबाहेर आला, बर्नरच्या जाळाने पेट घेतला. सात कामगार गेले.

परवाना नसताना, ज्वालाग्राही माल भरलेल्या जागेत बर्नर पेटवू देणारा होता तो कारखान्याचा व्यवस्थापक, जो भागीदारही होता. खालच्या कोर्टांनी त्याला निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल दोषी ठरवलं. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. न्यायालयाचं म्हणणं असं की, मृत्यूचं थेट, निकटचं कारण म्हणजे टर्पेंटाइन घाईने ओतणं, आणि ते व्यवस्थापकाने केलेलं नाही. बर्नर नसते तर आग लागली नसती हे खरं, पण तेवढं पुरेसं नाही. आगीच्या बाबतीतल्या हलगर्जीपणाची शिक्षा तेवढी कायम राहिली.

पहिल्यांदा हा निकाल वाचला तेव्हा मला राग आला होता. दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यातली शिस्त दिसली. एखाद्या माणसाला मृत्यूबद्दल गुन्हेगार म्हणायचं, तर त्याच्या कृतीपासून मृत्यूपर्यंतची साखळी मध्ये कुठे तुटता कामा नये, हा फौजदारी कायद्याचा जुना आणि बरा नियम आहे. फौजदारी कायदा घटनेला सगळ्यात जवळचा हात शोधतो. फक्त कारखान्यात त्याचा परिणाम असा होतो की, जवळचा हात नेहमी सगळ्यात कमी पगारवाल्याचा निघतो.

म्हणून कारखाना कायद्याने उलटी वाट धरली. तो जवळचा हात शोधत नाही, वरचा शोधतो. पण १९८७पर्यंत त्या वाटेला एक मोठी फट होती. कंपन्या संचालक मंडळात ठराव करून एखाद्या अधिकाऱ्याला, कुठल्यातरी मॅनेजरला भोगवटादार म्हणून नेमून टाकत. अंतिम ताबा त्याच्याकडे दिला आहे, असं कागदावर लिहिलं की झालं. खटला झाला तर तो माणूस कठड्यात उभा राहायचा, संचालक मंडळ पुढच्या बैठकीला जमायचं.

२ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटलं. त्यानंतर वर्षभराने, ४ डिसेंबर १९८५ला दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियम गळलं. त्या प्रकरणात कारखाना पुन्हा सुरू करायला परवानगी देताना सर्वोच्च न्यायालयाने एक विलक्षण अट घातली: क्लोरिन गळून कुणाला इजा झाली तर भरपाईला आपण व्यक्तिशः जबाबदार राहू, असं हमीपत्र अध्यक्षांनी आणि व्यवस्थापकीय संचालकांनी द्यावं. पुढे ती अट थोडी सैल झाली. पण कल्पना जन्माला आली होती: कंपनी मोठी असली, तरी तिच्या मागे एक माणूस आहे आणि त्याच्याकडे घरदार आहे.

१९८७ साली संसदेने कारखाना कायद्यात दुरुस्ती केली. धोकादायक प्रक्रियांसाठी नवं प्रकरण आलं, त्यातले नियम मोडले तर सात वर्षांपर्यंत कैद आली. पण माझ्या मते सगळ्यात जबर बदल एका छोट्या परंतुकात होता. कंपनीच्या बाबतीत तिच्या संचालकांपैकी कोणीही एक भोगवटादार ‘मानला जाईल’. हे ‘मानला जाईल’ म्हणजे कायद्याचा मंत्र आहे. वस्तुस्थिती काय, तो संचालक कारखान्यात कधी पाऊल ठेवतो का, त्याला चरक आणि टर्बाइन यांतला फरक कळतो का, हे प्रश्नच उरत नाहीत. कायदा म्हणतो, मानलं. संपलं.

कंपन्यांनी अर्थातच आव्हान दिलं. जे. के. इंडस्ट्रीज या टायरवाल्या कंपनीच्या नावाने ओळखलं जाणारं ते प्रकरण १९९६च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयात संपलं. न्यायालयाने सांगितलं: कंपनीचा भोगवटादार संचालकच असला पाहिजे. अधिकारी किंवा नोकर नेमून चालणार नाही. कंपनीने कुणाचंच नाव दिलं नाही, तर निरीक्षकाला हवा त्या संचालकावर खटला भरायची मुभा. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर कारखान्याचा भोगवटा तेव्हापासून वर्ग दोनचा झाला. खाली कुणाच्या नावावर तो चढवता येत नाही.

याचे परिणाम गमतीचे आहेत. बारामती एमआयडीसीत इटलीतून आलेल्या दोन कंपन्या आहेत. पियाजिओ तीनचाकी आणि स्कूटर बनवते, फेरेरो चॉकलेट. मूळ घर सातासमुद्रापार. पण इथल्या कारखान्याच्या कागदावर इथल्या कंपनीच्या एका संचालकाचं नाव लागतंच. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरची कहाणी त्याहून न्यारी. वालचंद हिराचंदांनी माळरानावर उसाचे मळे आणि साखर कारखाना उभा केला. पुढे कमाल जमीन धारणा कायद्याने मळे शेती महामंडळाकडे गेले. कंपनीचा कारखाना मात्र यंत्रं बनवत राहिला आणि इस्रोच्या रॉकेटांच्या भागांपर्यंत पोचला. जमिनीचा भोगवटादार बदलला, कारखान्याचा राहिला. एकाच गावात एकाच शब्दाच्या दोन कहाण्या.

आणि सहकारी साखर कारखाना? तो कंपनी नव्हे. भागीदारीसाठी किंवा ‘व्यक्तींच्या संघा’साठी कायद्यात वेगळं परंतुक आहे: भागीदारांपैकी किंवा सदस्यांपैकी कोणीही एक. हे अक्षरशः घेतलं, तर हजारो सभासदांपैकी कुठलाही ऊस उत्पादक एक दिवस भोगवटादार ठरायचा! पण नोंदणी झालेली सहकारी संस्था स्वतःच एक कायदेशीर व्यक्ती असते, म्हणून गाडी परत मूळ व्याख्येवर येते: अंतिम ताबा कुणाचा? सहकारातला ‘कार्यकारी संचालक’ हा नावाने संचालक असला, तरी पगारी अधिकारी असतो. त्याला नेमणारं आणि खरेदीच्या ठरावावर हात वर करणारं मंडळ सभासदांनी निवडून दिलेलं असतं. शेवटचा शब्द कुणाचा, हे गव्हाणीपाशी काढलेल्या फोटोत कोण मध्यभागी उभं आहे यावरून कळायला हरकत नसावी.

आता जरा टाकीत उतरू. शब्दशः नव्हे.

साखर कारखान्यात आणि आसवनीत टाक्या पुष्कळ. रसाच्या, मळीच्या, आंबवणीच्या, सांडपाण्याच्या. हंगाम संपला की धुवायला निघतात. तळाशी राहिलेला गोड गाळ आंबतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो हवेच्या दीडपट जड असतो, त्यामुळे विहिरीतल्या पाण्यासारखा टाकीत भरून राहतो. त्याला ना रंग ना वास. आसवनीच्या सांडपाण्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याला सडक्या अंड्याचा वास असतो, म्हणजे निदान इशारा तरी मिळतो, असं वाटेल. पण प्रमाण वाढलं की हा वायू आधी नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. माणसाला वाटतं, वास गेला, म्हणजे वायू गेला. तो आणखी एक पायरी खाली उतरतो.

मार्च २०२३मध्ये बारामती तालुक्यातल्या खांडज गावी जनावरांचं शेण-मूत्र साठणाऱ्या चेंबरमध्ये उतरून चौघांनी जीव गमावला. तिथे कारखाना नव्हता, शेत होतं. पण वायूला सातबारा आणि कारखाना यांतला फरक कळत नाही. अशा घटनांत पहिला माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेले त्याच्यापाठोपाठ जातात. माया हीच तिथे घातक ठरते.

१९४८च्या कायद्याचं कलम ३६ वाचा. एरवी कायद्याची भाषा कोरडी असते, पण हे कलम टाकीच्या तोंडाशी उभं राहून लिहिल्यासारखं आहे. घातक वायू असू शकेल अशा बंदिस्त जागेत कुणीही उतरायचं नाही आणि कुणाला उतरू द्यायचं नाही. उतरायचंच झालं तर जाणकार व्यक्तीने तपासणी करून लेखी दाखला दिलेला असावा. नाहीतर उतरणाऱ्याच्या तोंडावर श्वसनाचं साधन हवं, कमरेला पट्टा हवा, पट्ट्याला दोर हवा, आणि दोराचं मोकळं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हवं. पुढच्याच कलमात हातातल्या दिव्याची मर्यादाही आहे: चोवीस व्होल्ट.

दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. मला हे वाक्य फार आवडतं. कारण त्या बाहेरच्या माणसाच्या हातातून तो दोर कायदा पुढे ओढत नेतो: सुपरवायझर, मॅनेजर, आणि शेवटी त्या दालनापर्यंत जिथे भिंतीवर संस्थापकांचा फोटो आणि टेबलावर चहा असतो. पट्टा नव्हता, दोर नव्हता, दाखला नव्हता, तर त्याचा जाब तिथे.

यावर नेहमीचं उत्तर असतं, टाकी साफ करायचं काम आम्ही ठेकेदाराला दिलं होतं. कायद्याने हे उत्तर फार आधी ओळखलं होतं. कामगाराच्या व्याख्येतच लिहिलं आहे: थेट ठेवलेला असो वा ठेकेदारामार्फत, मुख्य मालकाला ‘माहीत असो वा नसो’. वाचताना मी इथे थबकलो होतो. आपल्या आवारात कोण काम करतंय हे मालकाला माहीत नसेल, असं गृहीत धरूनसुद्धा कायदा त्याच्याकडेच बोट दाखवतो.

आणखी एक उलटी गोष्ट. सामान्य गुन्ह्यात आरोपीला काही सिद्ध करायचं नसतं. सिद्ध करायचं ते सरकारने. इथे भोगवटादार म्हणाला की अमुक खबरदारी घेणं व्यवहारात शक्य नव्हतं, तर ते शक्य नव्हतं हे त्यानेच सिद्ध करायचं. सुटकेची एक वाट कायद्याने ठेवली आहे. आपण पूर्ण दक्षता घेतली होती, आपल्या नकळत आणि संमतीशिवाय अमुक माणसाने नियम मोडला, हे त्याने दाखवायचं. त्या माणसाला कोर्टापुढे आणायचं. जमलं तर तो सुटतो. पण ‘पूर्ण दक्षता’ तोंडी चालत नाही. तपासणीच्या वह्या, प्रशिक्षणाच्या नोंदी, खरेदी केलेल्या पट्ट्यांच्या पावत्या लागतात. ज्याने आधी काळजी घेतली त्याच्याकडे हे कागद आपोआप जमलेले असतात. (दुसऱ्या बाजूलाही घड्याळ आहे. निरीक्षकाला गुन्हा कळल्यापासून साधारण तीन महिन्यांत तक्रार दाखल झाली नाही, तर १९४८च्या कायद्याखाली तो गुन्हा शिळा व्हायचा. कितीतरी दोर तिथे सुटले असतील.)

आता दुसरा दोर.

भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात. त्याच परिसरात, इंदापूर तालुक्यातल्या अकोले गावाच्या हद्दीत, नीरा-भीमा नदीजोड बोगद्याचं काम चालू होतं. नीरेचं पाणी भीमेत आणायचं आणि पुढे मराठवाड्याकडे न्यायचं, अशी ती योजना. बोगदा जमिनीच्या पोटात खोल, म्हणून वर-खाली करायला उभी विहीर खणलेली, आणि माणसं क्रेनने वर-खाली. २० नोव्हेंबर २०१७च्या संध्याकाळी काम संपवून कामगार वर येत होते. क्रेनचा वायररोप तुटला. आठ जण गेले. पोटासाठी दूरच्या राज्यांतून आलेली माणसं होती.

बोगद्याला कारखाना कायदा लागत नव्हता. पण त्या कायद्यात माणसं वाहणाऱ्या पाळण्याबद्दल काय लिहिलंय ते बघा. पाळणा दोरावर असेल तर दोर किमान दोन हवेत, वेगवेगळे जोडलेले. आणि त्यातल्या प्रत्येकाने एकट्याने पूर्ण भरलेल्या पाळण्याचा भार पेलला पाहिजे. दर सहा महिन्यांनी तपासणी. किती साधं आहे! तुटणार हे धरूनच चालायचं, आणि एक तुटला तरी माणूस खाली जाणार नाही अशी सोय ठेवायची. १९४८ साली हे लिहून ठेवणाऱ्याला यंत्रं कळत होती आणि माणसंही.

बोगद्यासारख्या कामांना तेव्हा १९९६चा बांधकाम कामगार कायदा होता. त्यातही कंपनीच्या संचालकांपर्यंत पोचायची वाट होती. पण सुरक्षेचा नियम मोडला तर शिक्षा किती? तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजार. त्या साली टनभर उसालाही याहून जास्त दर मिळत होता. पोलिसांत निष्काळजीपणाचा गुन्हा वेगळा दाखल होतो, हे खरं, पण तिथे परत तो जवळचा हात. कारखाना कायदा तुलनेने कडक: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. कामगाराचा जीव गेला असेल तर दंड किमान पंचवीस हजार. किमान म्हणजे एवढा तरी पाहिजेच. आजच्या दराने एका ट्रॅक्टर-ट्रॉलीत मावणारा ऊस.

भोपाळचं काय झालं, तेही इथेच नोंदवतो. ७ जून २०१० रोजी, पंचवीस वर्षं उलटून गेल्यावर, युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष आणि इतर अधिकारी दोषी ठरले. शिक्षा दोन वर्षं. खटला कारखाना कायद्याखाली नव्हे, निष्काळजीपणाच्या जुन्या कलमाखाली चालला होता. त्या कलमाची कमाल मर्यादाच दोन वर्षं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षं झाली.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता लागू केल्या. त्यातली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता २०२०ची. कारखाना कायदा आणि बांधकाम कामगार कायदा, दोन्ही तिच्यात विरघळले. भोगवटादार टिकला. संचालकच मानायचा, हेही टिकलं. फक्त स्वतंत्र संचालकांना वगळलं. नियम मोडल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान पाच लाख दंड, किंवा दोन्ही. आणि एक नवीन गोष्ट: दंडातली निदान निम्मी रक्कम मृताच्या वारसांना द्यायचा हुकूम कोर्ट करू शकतं. तोवर दंड सहसा सरकारजमा व्हायचा. ज्याच्या घरचा माणूस गेला त्याला त्यातलं बहुधा काही मिळायचं नाही, हे किती जणांना ठाऊक होतं?

पाच लाख पुरेसे आहेत का? नाहीत, असं माझं मत. चाळीस कोटींची आसवनी उभारणाऱ्या मंडळाला पाच लाख म्हणजे एका समारंभाचा खर्च. संचालकाला घाम फुटतो तो दंडाने नव्हे, स्वतःच्या नावाने निघालेल्या समन्सने. या कायद्याचा सगळा जोर त्या एका नावात आहे, रकमेत नाही.

आणि हा जोर कुंपणापर्यंतच. आवार आणि त्याला लागून असलेली जागा एवढीच कारखान्याची हद्द. ज्या उसाची मोळी गव्हाणीत पडते, तो तोडणारा माणूस पहाटेच्या अंधारात फडात कोयता चालवतो, उसाच्या वाढ्यांखालच्या न दिसणाऱ्या विहिरीकाठून चालतो, खचाखच भरलेल्या ट्रॉलीवर झोपून येतो. त्याची उचल मुकादमाकडून, मुकादमाचा करार वाहतूकदाराशी. कुठल्याही भोगवटादाराच्या वहीत तो नाही. ऑगस्ट २०२३मध्ये इंदापूर तालुक्यातल्या म्हसोबाचीवाडीत विहिरीचं बांधकाम ढासळून चार मजूर गाडले गेले. त्यांना बाहेर काढायला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला काही दिवस लागले. बांधकाम कामगारांचा कायदा दहापेक्षा कमी माणसांच्या कामाकडे बघतच नव्हता. या पट्ट्यात विहिरींची किती कामं दहा माणसांवर होतात, हे वाचकाला माहीत आहे.

कारखान्यांच्या वार्षिक सभा सहसा सप्टेंबरात असतात. उसाच्या दरावर तासभर गदारोळ होतो, साखर उताऱ्यावर होतो, इथेनॉलच्या हिशेबावर होतो. अहवालाची पुस्तिका सभासदाच्या हातात आधीच आलेली असते. तुम्ही सभासद असाल, किंवा तुमचे वडील असतील, तर यंदा माइक हातात आल्यावर दोन प्रश्न जास्तीचे विचारा. आपल्या कारखान्याच्या परवान्यावर भोगवटादार म्हणून नाव कुणाचं आहे? आणि टाकी धुताना ज्या दोराचं टोक बाहेर धरतात, तो दोर शेवटचा कधी तपासला? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.